सिनेमा पडला, कागद उरले

हॉलिवूडमध्ये चित्रीकरण सुरू झाल्यावर पटकथेत बदल झाला, की बदललेली पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर छापून सगळ्यांना वाटतात. पहिली प्रत पांढरी. पुढचे बदल निळ्या पानांवर, मग गुलाबी, मग पिवळ्या, मग हिरव्या. जुनं पान काढायचं आणि त्याच्या जागी नवं घालायचं. त्यामुळे पितळी खिळ्यांनी बांधलेलं बाड नुसतं कडेनं पाहिलं, तरी त्या सिनेमाचं कसं चाललं होतं याचा अंदाज येतो. माझ्याकडे 'सुपर मारिओ ब्रदर्स'चं असं एक बाड आहे, १९९२ च्या उन्हाळ्यातलं. त्याच्या कडेला पांढरा रंग शोधावा लागतो. एका गुलाबी पानावर कुणीतरी पेन्सिलनं संवाद खोडून शेजारी नवे लिहिले आहेत. त्याच दृश्याचं पिवळं पान लगेच पुढे आहे आणि त्यात खोडलेलेही नाहीत, लिहिलेलेही नाहीत, तिसरेच संवाद आहेत. पानाच्या कोपऱ्यात कॉफीच्या कपाचा गोल डाग आहे. हे पान मी अनेकांना दाखवलं आहे, कारण त्या सिनेमाबद्दल जे काही बोललं जातं त्याचा पुरावा त्या डागाशेजारी आहे.

हा सिनेमा २८ मे १९९३ रोजी अमेरिकेत लागला. व्हिडिओ गेमवरून हॉलिवूडनं खरे नट घेऊन काढलेला हा पहिला मोठा चित्रपट. बॉब हॉस्किन्स मारिओ, जॉन लेग्विझामो लुईजी आणि डेनिस हॉपर राजा कूपा. दिग्दर्शक रॉकी मॉर्टन आणि अॅनाबेल जँकल, टीव्हीवरच्या 'मॅक्स हेडरूम'वाली जोडी. निर्माते रोलँड जोफे, ज्यांनी त्याआधी कोलकात्यात ओम पुरी आणि शबाना आझमींना घेऊन 'सिटी ऑफ जॉय' केला होता. खर्च झाला सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर आणि अमेरिकेतल्या तिकीटबारीवर आले जेमतेम २ कोटी १० लाख. दोनच आठवड्यांनी, ११ जूनला, 'ज्युरासिक पार्क' लागला आणि मारिओची आठवणही कुणी काढेना.

आम्हा भावंडांचा मारिओ सांगलीच्या घरातला. टीव्हीला जोडायचा तो स्वस्तातला गेम, पिवळी कॅसेट, आणि दुपारी आई झोपली की आवाज बंद करून खेळणं. त्यावर सिनेमा निघाला होता हे आम्हाला कळलंही नव्हतं. नोकरीसाठी अमेरिकेत आले आणि नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला स्थिरावले, तेव्हा ऑफिसातल्या एकानं सहज सांगितलं की तो सिनेमा इथलाच, विल्मिंग्टनचा. कॅरीहून विल्मिंग्टन दोन तासांवर. देशाच्या पार पश्चिमेकडून, कॅलिफोर्नियातल्या बार्स्टोहून निघालेला आय-४० हा महामार्ग तिथे संपतो. पहिल्यांदा गेले ती निव्वळ उत्सुकतेनं. पुढे ते वेड झालं.

जमवायची सुरुवात प्रसिद्धीच्या साहित्यापासून झाली, कारण ते विकत मिळतं. त्या काळचं प्रेस किट म्हणजे एक जाड पुठ्ठ्याचं फोल्डर. त्यात आठ बाय दहा इंची कृष्णधवल छायाचित्रं, प्रत्येकाखाली नटांची नावं आणि स्टुडिओचा हक्काचा मजकूर, आणि सोबत निर्मितीची माहिती देणारी टाइप केलेली पानं. ते वर्तमानपत्रांना पाठवायचे. छायाचित्र छापून झालं की बरेचदा ते कचऱ्यातच जायचं. माझ्याकडच्या एका फोटोच्या मागे कुठल्याशा उपसंपादकानं निळ्या पेन्सिलनं छपाईचा आकार लिहिला आहे. जपानमध्ये थिएटरात फुकट वाटायची बी-फाइव्ह आकाराची पत्रकं, चिराशी म्हणतात त्यांना, मला फार आवडतात. कागद पातळ, पण छपाई अशी की रंग अजून ताजे आहेत. एर्टल कंपनीची खेळणी निघाली होती, मुलांसाठी कादंबरी निघाली होती. रॉक्सेट या बँडचं 'ऑलमोस्ट अनरिअल' हे गाणं मुळात 'होकस पोकस' या दुसऱ्या सिनेमासाठी लिहिलं होतं, ते या सिनेमाला मिळालं. त्याची सिंगल सीडीही मी शोधून घेतली.

पोस्टर घेताना एक गोष्ट शिकले. त्या काळातली थिएटरात लावायची अनेक पोस्टरं दोन्ही बाजूंनी छापलेली असत. मागच्या बाजूला तेच चित्र फिकट आणि उलटं. मागून दिवा लावलेल्या पेटीत ते लावलं की रंगांना खोली येते. भिंतीवर डकवायला नंतर छापलेल्या स्वस्त प्रतींची मागची बाजू कोरी असते. आता पोस्टर हातात आलं की मी आधी ते पालथं करते.

पण प्रसिद्धीचा कागद एकाच सुरात बोलतो. प्रेस किटच्या पानांत सगळे आनंदी आहेत, सगळ्यांची कल्पनाशक्ती अफाट आहे. कामाचा कागद तसा नसतो. कॉलशीट, सेटचे नकाशे, पोलरॉइड, कपडेपटाच्या याद्या हे सगळं कुणाला आवडावं म्हणून लिहिलेलं नसतं. उद्या सकाळी किती वाजता कुणी कुठे यायचं, सूर्य कधी उगवणार, कुठल्या दृश्याला किती गुंबा, म्हणजे राजा कूपाचे शिपाई, लागणार, एवढंच. म्हणून माझा जास्त विश्वास या कागदावर आहे. डेनिस हॉपर पाच आठवड्यांसाठी गेले आणि सतरा आठवडे अडकले, असं त्यांनीच पुढे मुलाखतीत सांगितलं. हॉस्किन्सनी २००७ मध्ये 'गार्डियन'ला सांगितलं की आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम हेच. हे लोकांना ठाऊक आहे. ती ओढाताण रोजच्या रोज कशी झाली, ते मात्र कामाचे कागद एकापुढे एक मांडले की दिसतं. सेट उभे राहत आलेले, आणि चित्रीकरणाच्या तोंडावर पटकथा नव्यानं लिहायला घेतलेली. मग ज्यांची पटकथा बाजूला ठेवली होती तेच लेखक परत बोलावलेले. हे वाचलं की दिग्दर्शकांना एका वाक्यात निकालात काढणाऱ्यांचा मला राग येतो.

सेट कुठे होता, तर विल्मिंग्टनजवळ कॅसल हेनला, बंद पडलेल्या सिमेंट कारखान्यात. 'ब्लेड रनर'चे कलादिग्दर्शक डेव्हिड स्नायडर या सिनेमाचे निर्मितिसंकल्पक होते. त्या काँक्रीटच्या बहुमजली सांगाड्याचा फायदा घेऊन त्यांनी आतच डायनोहॅटन नावाचं शहर उभं केलं. डायनासोर नष्ट झालेच नाहीत, दुसऱ्या जगात त्यांची माणसं झाली आणि त्यांनी आपलं न्यूयॉर्क बांधलं, अशी ती कल्पना. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या डोक्यावरच्या विजेच्या तारा, भिंतींवर चढलेली बुरशी. सिनेमा आवडला नाही म्हणणाऱ्यांनीही तो पडद्यावर थांबवून थांबवून पाहावा. एका चौकटीत हातानं केलेलं एवढं काम आता सहसा दिसत नाही.

त्या बुरशीवर काम केलेले एक गृहस्थ मला भेटले. रंगारी म्हणून त्या सेटवर होते, आता निवृत्त. ओळखीतून ओळख निघाली, फोन केला, तर म्हणाले, "शनिवारी या, पण गॅरेजमध्ये उकडतं, सांगून ठेवतो." त्यांच्या पत्नीनं आधी लिंबाचं सरबत दिलं आणि मग एक प्लास्टिकचा डबा पुढे केला. आत रंगांचे नमुने होते. पुठ्ठ्याचे तळहाताएवढे तुकडे, प्रत्येकावर गंजाची, ओलीची नाहीतर शेवाळाची वेगळी छटा, आणि मागे मार्करनं लिहिलेलं मिश्रण. एका तुकड्यावर रंगात लाकडाचा भुसा कालवला होता. त्यांनी तो माझ्या बोटांखाली धरला आणि म्हणाले, "हात फिरवा. कॅमेऱ्याला हे कळतं." मग एकेक आठवत गेलं. कारखान्यातली सिमेंटची धूळ, उन्हाळ्याची काहिली, रात्री उशिरा येणारे बदल. शेवटी डबा माझ्याकडे सरकवून म्हणाले, "घेऊन जा. माझ्यामागे मुलं हे टाकून देतील, आणि त्यात त्यांची चूक नाही." मी त्यांना प्रत्येक तुकड्याबद्दल बोलायला लावून ते रेकॉर्ड केलं. कारण नुसता पुठ्ठा उरला आणि तो कशासाठी केला हे सांगणारं कुणी उरलं नाही, तर तो पुठ्ठाच.

स्लाइड पाहण्याचं सुख वेगळं. पस्तीस मिलिमीटरची पारदर्शिका दिव्याच्या पेटीवर ठेवायची आणि डोळ्याला भिंग लावायचं. बड्या नटांच्या करारात बहुधा छायाचित्रं नापसंत करण्याचा हक्क असतो. नको असलेल्या फोटोवर फुली मारली जाते. अशी फुली मारलेली स्लाइड मला छापलेल्या फोटोपेक्षा मोलाची वाटते. माझ्याकडच्या एकीत एक गुंबा खुर्चीवर बसला आहे. धिप्पाड देह, लांब कोट, आणि त्या टीचभर डोक्याचा मुखवटा वर उचललेला. आतल्या माणसाचं घामानं निथळणारं तोंड दिसतं आणि शेजारी कुणीतरी हातपंखा धरून उभा आहे. तो आतला माणूस कोण, हे मी अजून शोधते आहे.

योशी या छोट्या डायनासोरचीही छायाचित्रं आहेत. तो संगणकावर केलेला नाही, केबलांनी हलणारा खराखुरा बाहुला आहे आणि त्याला हलवायला बरीच माणसं लागत. सिनेमात तो एकटाच दिसतो. पडद्यामागच्या छायाचित्रात जमिनीवर पालथी पडलेली सगळी माणसं दिसतात.

जमवण्यापेक्षा सांभाळणं अवघड. छायाचित्रांना आम्लरहित फोल्डर, स्लाइडना पॉलिस्टरच्या खिशांची पानं. पीव्हीसीचे खिसे स्वस्त असतात, पण काही वर्षांत चित्राला चिकटतात. पत्रकारांना पाठवलेली चित्रफीत बीटाकॅमवर असायची, ती वाजवणारी यंत्रं आता मोजकी, आणि फीत दरवर्षी थोडी जास्त जीर्ण होते. त्यामुळे कागदाआधी मी फितींचं डिजिटल रूपांतर करून घेतलं. याचं महत्त्व २०२१ मध्ये सगळ्यांना पटलं. या सिनेमाची एक लांब, कच्ची संकलित प्रत व्हीएचएसवर सापडली होती. चाहत्यांनी ती खपून दुरुस्त केली आणि जूनमध्ये सर्वांसाठी खुली केली. त्यात सुमारे वीस मिनिटांची न पाहिलेली दृश्यं होती. व्हीएचएसची एक टेप कुणीतरी फेकली नाही, एवढ्यावर ते सगळं तरलं.

२०२३ मध्ये मारिओचा अॅनिमेशनपट आला, जगभर तुफान चालला, आणि जुन्या सिनेमाच्या वस्तूंचे भाव चढले. भाव चढल्याचं मला दुःख नाही. दुःख याचं आहे की विक्रेते आता संच फोडतात. स्टोरीबोर्डची अखंड वही असेल तर पानं सुटी करून विकतात, कारण त्यात जास्त पैसे मिळतात. एक पान फ्रेम करून भिंतीवर जातं, पण त्याच्या मागचं आणि पुढचं पान कुठे गेलं हे कायमचं हरवतं. माझ्या मते हे पोस्टर फाडण्याइतकंच वाईट आहे. माझ्याकडचं जे आहे ते स्कॅन करून मी मागेल त्याला देते, आणि माझ्यानंतर ते सगळं एकत्रच एखाद्या संग्रहालयाकडे जावं असं लिहून ठेवलं आहे.

हा संस्कार पुण्याचा. कॉलेजात असताना लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जात असे. १९६४ मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेत पी. के. नायर यांनी चित्रपटांबरोबर पोस्टरं, छायाचित्रं, गाण्यांच्या चोपड्याही जमवल्या. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्या सिनेमाचं जे काही डोळ्यांनी पाहता येतं ते छायाचित्रांत आणि जाहिरातींत. चाललेला सिनेमा असो की पडलेला, नियम हाच.

तुमच्या घरी कुणी सिनेमात, नाटकात, मालिकेत काम केलं असेल, मेकअप, सुतारकाम, कपडेपट, काहीही, तर पोटमाळ्यावरची ती पिशवी रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलनं माणसांची नावं आणि साल लिहा. ज्यांनी काम केलं ते हयात असतील तर त्यांच्याजवळ बसून विचारा, फोनवर रेकॉर्ड करा. आणि सांभाळणं जमणार नसेल, तर संच फोडू नका. आहे तसा संग्रहालयाला द्या.