सागवानाची दोन खाती

३ जून, कल्याण

शेठ म्हणाले, "ताई, सागवान पाठवण्यात बर्मा मोठा की इक्वाडोर, एवढंच सांगा." वखारीचे हिशेब माझ्याकडे आहेत म्हणून जगाचेही असतील, असा त्यांचा समज. वाणिज्य मंत्रालयाचे आयातीचे आकडे वर्षवार उतरवायला घेतले. गोल लाकूड कस्टमच्या ४४०३ क्रमांकात, कापीव ४४०७ मध्ये. म्यानमारने, म्हणजे शेठच्या बर्माने, १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकूड बाहेर पाठवणं बंद केलं. आपलं आर्थिक वर्षही त्याच तारखेला सुरू होतं, त्यामुळे आपल्या तक्त्यात बंदीआधी आणि बंदीनंतर असे सरळ दोन भाग पडतात. नुसतं ४४०३ पाहिलं तर म्यानमार बुडालाच म्हणायचं. पण तिथलं कापीव येतच राहिलं. शिवाय बंदी आधीच जाहीर झाल्याने व्यापाऱ्यांनी घाईघाईने माल उचलला होता. म्हणून २०१३-१४ हे तुलनेचं पायावर्ष धरायचं नाही.

५ जून, डोंबिवली

दोन्ही क्रमांकांची रक्कम एकत्र केली. घनमीटर मात्र तसेच मिळवता येत नाहीत. गोल ओंडका आऱ्यावर चढला की निम्म्याच्या आसपासच कामाचं लाकूड हाती येतं, बाकी भुसा आणि फळकुटं. तेव्हा कापीव घनमीटरमागे जंगलातले साधारण दोन घनमीटर धरले. रकमेला घनमीटरने भागून दराचा वेगळा रकाना केला. शेठना घनफुटाचा भाव कळतो, म्हणून त्याला पुन्हा ३५.३ ने भागलं.

८ जून, उल्हासनगर

फर्निचर बाजारात मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "इक्वाडोरचं कोवळं असतं. गाभा कमी, पांढरं जास्त." ते लागवडीचं झाड, वीस-पंचवीस वर्षांत तोडतात. म्यानमारचं जुनं सागवान नैसर्गिक जंगलातलं, त्याला त्याच्या कित्येक पट वर्षं लागतात. कस्टमच्या कागदावर दोन्ही सागवानच. माझ्या दराच्या रकान्यातला फरक इथे रंध्याखाली दिसला. २०२२ च्या जागतिक वर्गवारीत सागवानाला स्वतंत्र उपक्रमांक मिळाले, तेव्हा जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा तिथेही तपासावा लागणार.

११ जून, ठाणे

ठाण्यात ओळखीच्या एका सीएंकडे बसले. त्यांनी पहिली खूण रुपयांच्या रकान्यावर केली. २०१४ मध्ये डॉलर साठ रुपयांच्या आसपास होता, २०२२ च्या अखेरीस ब्याऐंशीच्या पुढे. लाकूड तेवढंच आलं तरी रुपयांतली रेघ वर जाणार. म्हणून सगळं डॉलरमध्ये केलं. इक्वाडोरचं तर सन २००० पासून चलनच अमेरिकी डॉलर. तरी त्यांच्या निर्यातीचा आकडा आपल्या आयातीशी जुळत नाही: ते बंदरावर माल चढेपर्यंतची किंमत लिहितात, आपण जहाजभाडं आणि विमा धरून. ते जानेवारी ते डिसेंबर मोजतात, आपण एप्रिल ते मार्च. जानेवारीत निघालेली पेटी त्यांच्या नव्या वर्षात मोजली जाते, आपल्याकडे मार्चपर्यंत उतरली तर जुन्याच वर्षात. एकाच बाजूचे आकडे धरायचे, असं ठरलं.

१४ जून, कल्याण

याच कल्याणहून सहाव्या शतकात शिसवी लाकूड बाहेर जात होतं, अशी नोंद कॉस्मस या ग्रीक लेखकाच्या ग्रंथात आहे. पुढे १८६३ ची बॉम्बे बर्मा कंपनी ब्रह्मदेशातलं सागवान विकू लागली. १८८५ मध्ये तिला झालेल्या दंडाचा वाद इंग्रजांना युद्धाचं निमित्त झाला आणि तिथला राजा थिबा रत्नागिरीत स्थानबद्ध झाला. लाकडाच्या रकमेत असंही बरंच काही मोजलेलं नसतं.

शेठना कागद दिला: रक्कम, घनमीटर आणि दर, तिन्ही रकाने दोन्ही देशांचे. गोल लाकडात २०१४ आधी म्यानमार पुढे होता, नंतर ती जागा लागवडीच्या देशांनी घेतली. दरात जुन्या जंगलाचं लाकूड अजूनही वरचढ.

"मग मी भरू कुठलं?"

"गिऱ्हाईक दाराची चौकट मागतंय की पलंग, ते पाहून ठरवा. या कागदावर ते लिहिलेलं नाही."