लांडगा, मेंढी आणि कलम १९

संपादकांनी बिबट्यावर लेख मागितला होता. मी लिहिते आहे लांडग्यावर, तेही युरोपातल्या. कारण हल्ली व्याख्यान जुन्नरला असो की सोलापूरला, शेवटी एक प्रश्न येतोच : "युरोपनं लांडग्याचं संरक्षण काढून टाकलं, मग आपणच बिबट्याला किती दिवस जपायचं?" माळावरच्या लांडग्यांच्या अभ्यासात माझी उमेदीची वर्षं गेली. ही अर्धवट माहिती ऐकून मला मनापासून त्रास होतो.

संरक्षण काढलेलं नाही, सैल केलं आहे. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास-संरक्षण कायद्यात, म्हणजे हॅबिटॅट्स डायरेक्टिव्हमध्ये, युरोपातला बहुतेक लांडगा परिशिष्ट ४ मध्ये, म्हणजे कडक संरक्षणात होता. ८ मे २०२५ रोजी युरोपीय संसदेनं ३७१ विरुद्ध १६२ मतांनी त्याला परिशिष्ट ५ मध्ये आणायला मंजुरी दिली. तिथे शिकारीला वाव आहे, पण प्रजातीची स्थिती चांगली राखायचं बंधन सुटत नाही. स्पेनच्या उत्तर भागातले लांडगे आधीपासून याच परिशिष्टात होते. तरीही देशभरातली स्थिती वाईट असताना तिथे शिकार खुली करता येणार नाही, असं युरोपीय न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये बजावलं.

या बदलाचा विषय निघाला की डॉलीचं नाव येतंच. डॉली हे युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेअर लायन यांचं तट्टू. सप्टेंबर २०२२ मध्ये जर्मनीतल्या लोअर सॅक्सनीत लांडग्यानं ते मारलं. कुठल्या लांडग्यानं, हेही डीएनएवरून कळलं. अशा वेळी आम्ही गळ्यावरचे केस भादरून कातडी सोलतो. सुळ्यांच्या भोकांभोवती आतून रक्त साकळलेलं असेल, तर चावा जिवंतपणी बसलेला असतो. लाळ घ्यायची ती या भोकांच्या कडेवरून. फाडलेल्या पोटाकडची नको, तिथे मागाहून कुत्री-कोल्हे तोंड घालून गेलेले असतात. डॉलीच्या लांडग्याचा क्रमांक निघाला जीडब्ल्यू ९५० एम. त्याला मारायचा परवानाही निघाला, आणि तो जुन्याच कडक कायद्याखाली. कलम १६ मध्ये ती सोय होतीच. मुदत संपेपर्यंत लांडगा हाती लागला नाही, हा भाग वेगळा. कायद्यानं हात बांधले होते, हे म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

आयोगाच्याच २०२३ च्या अहवालात संघातले लांडगे सुमारे २०,३०० आहेत, आणि वर्षाला किमान ६५,५०० पाळीव जनावरं मारली जातात. आकडा मोठा आहे. ज्याची मेंढी गेली त्याचं दुःख मी मेंढ्यांच्या वाघरीच्या कडेला उभी राहून पाहिलं आहे. पण संघात मेंढ्याच सुमारे ६ कोटी आहेत. लांडग्यानं माणूस मारल्याची नोंद गेल्या ४० वर्षांत युरोपात नाही, हेही त्याच अहवालात आहे.

मला खरा घोर आहे तो याच डायरेक्टिव्हच्या कलम १९ चा, आणि त्यावर कुणी बोलत नाही. विज्ञान पुढे गेलं म्हणून परिशिष्ट ४ बदलायचं, तर सगळ्या सदस्य देशांचं एकमत लागतं, असं हे कलम सांगतं. या अटीचा फायदा मला दिसतो तो हा : एखाद्या निवडणुकीच्या हंगामात प्रजातींची यादी सहज हलत नाही. आयोगानं ते कलम न वापरता साधा दुरुस्ती कायदा आणला. त्याला बहुमत पुरतं. संसदेत तो तातडीच्या प्रक्रियेनं आला, त्यामुळे समितीत बारकाईनं छाननी झालीच नाही. युरोपातल्या वन्यजीवांसाठीच्या १९७९ च्या बर्न करारात लांडग्याचा दर्जा त्याआधीच, डिसेंबर २०२४ मध्ये, उतरवून घेतला होता. सगळं कायदेशीर आहे. पण २०१३ ते २०१८ च्या आढाव्यात सदस्य देशांतल्या ३९ जैवभौगोलिक विभागांपैकी फक्त १८ ठिकाणी लांडग्याची स्थिती चांगली होती, या आकड्याला त्यात वजन मिळालं नाही.

हे एकटं प्रकरण असतं तर मी इतकी अस्वस्थ झाले नसते. जंगलतोडीतून आलेला माल रोखणारा संघाचा कायदा दोनदा पुढे ढकलला गेला. पुरवठा साखळीतल्या प्रदूषणाचा आणि शोषणाचा जाब कंपन्यांना विचारणारा कायदाही पातळ केला गेला.

आणि मेंढपाळाला काय मिळालं? परिशिष्ट बदललं म्हणून विजेचं कुंपण उभं राहत नाही, की राखणीचा कुत्रा मिळत नाही. या दोन्हींचा पूर्ण खर्च सरकारांना देता येतो, आणि तो दर्जा उतरवण्याआधीही देता येत होता. आता रोमानिया आणि स्लोव्हाकियातून अस्वलाचा दर्जा उतरवायची मागणी होते आहे. अस्वलही परिशिष्ट ४ मध्येच आहे.