अर्थावांचून शब्द

शब्द हा अर्थाचा वाहक होय, ही गोष्ट आम्हां जुन्या शिक्षकांस इतकी स्वयंसिद्ध वाटते कीं, अर्थ ठाऊक नसतांही शब्दांवर प्रभुत्व मिळवितां येतें असें कोणी म्हटल्यास ती थट्टाच वाटावी. परंतु सुशिक्षित घरांत शिरलेला 'स्क्रॅबल' हा इंग्रजी शब्दांचा खेळ पाहिला म्हणजे या समजुतीस धक्का बसतो.

या खेळाचा जनक आल्फ्रेड बट्स हा अमेरिकन गृहस्थ व्यवसायानें स्थापत्यविशारद. १९३० नंतरच्या मंदींत काम सुटलें असतां त्यानें हा खेळ रचिला, आणि वर्तमानपत्रांत कोणतें अक्षर किती वेळां येतें हें मोजून त्यांची संख्या व गुण ठरविले. 'स्क्रॅबल' हें नांव त्यास १९४८ सालीं मिळालें. पट २२५ घरांचा, सोंगट्या १००. नित्याच्या 'ई' अक्षरास १ गुण, तर दुर्मिळ 'क्यू' व 'झेड' यांस प्रत्येकीं १०.

तेव्हां खेळणारांचा डोळा विलक्षण शब्दांवर असावयाचाच. दोन 'ए' मिळून झालेला शब्द हवाई बेटांतील खडबडीत लाव्ह्याचा वाचक आहे. 'क्यू-आय' हा चिनी शब्द जीवनशक्तीचा. आपल्या प्राणाच्या कल्पनेस जवळचा. 'सी-डब्ल्यू-एम' यांत रूढ स्वर एकही नाहीं. तो वेल्श भाषेंतील असून तींत 'डब्ल्यू' स्वराचें काम करतो. उच्चार 'कूम', अर्थ डोंगरांतील खोलगट दरी. एव्हरेस्टच्या वाटेवरील एका हिमदरीस मॅलरीनें १९२१ सालीं हेंच नांव दिलें.

एके रविवारीं आमच्या नातवानें 'क्यू-आय' मांडून गुण मोजण्यास आरंभ केला. "अरे, याचा अर्थ काय?" असें मीं विचारतां तो म्हणाला, "आजोबा, अर्थाला गुण नसतात!" खेळाच्या नियमाप्रमाणें त्याचें म्हणणें अगदीं बरोबर. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स यानें तर २०१५ सालीं फ्रेंच भाषेंतील जागतिक स्पर्धा जिंकली, आणि त्यास फ्रेंच बोलतां येत नव्हतें! त्यानें शब्द तेवढे पाठ केले होते.

यावर पाठांतराची निंदा करण्यास मी धजणार नाहीं. अमरकोश तरी आपल्याकडे मुलांनीं कसा म्हटला? आधीं शब्द मुखोद्गत, अर्थ मागाहून. परंतु त्या 'मागाहून' या शब्दांतच सर्व मर्म आहे. पाठ म्हणविणारा गुरु पुढें काव्य वाचतांना तोच शब्द उलगडून दाखवी. मुखांत साठविलेलें बीज यथाकाळ अंकुरत असे. पटावरच्या शब्दास असा गुरु कोण? डाव संपतांच सोंगट्या पिशवींत जातात आणि शब्दही तेथेंच राहतो. मुलें शब्दांनीं श्रीमंत व अर्थानें दरिद्री व्हावींत, हें आपणांस परवडणारें नाहीं.

म्हणून आमच्या घरीं एक रीत पडली आहे. डाव आटोपला कीं प्रत्येकानें आपला एक अनोळखी शब्द कोशांत पाहून सर्वांस वाचून दाखवावा. गुण कापावयाचे नाहींत. नाहीं तर खेळाची शाळा होईल. या रीतीमुळें 'मंगूस' हा इंग्रजी शब्द मूळचा आपल्या मराठी मुंगसाचा, हें सूनबाईंनीं शोधून काढलें. 'गूस' पक्ष्याशीं त्याचें कांहीं नातें नाहीं, म्हणून त्याचें रूढ अनेकवचनही त्या पक्ष्याप्रमाणें होत नाहीं. पुढें 'जे-एन-ए-एन-ए' अशा वेषांत 'ज्ञान' हा आपलाच शब्द इंग्रजी कोशांत बसलेला आढळला, तेव्हां सर्वांत अधिक हर्ष नातवासच झाला.

खेळाचे नियम बट्सनें केले; घरचे नियम करणें आपल्या हातीं आहे. पार्वती-परमेश्वरांस कालिदासानें वाणी आणि अर्थ यांची उपमा दिली. त्या जोडप्याची ताटातूट निदान आपल्या माजघरांत तरी होऊं देऊं नये.