गोळेश्वरची माती आणि भाचीची गादी

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही उभयता आणि दोन्ही मुले सातारा-सांगलीच्या वाटेला लागलो. निमित्त घरगुतीच होते. आमची धाकटी बहीण सांगलीला दिलेली. तिची थोरली मुलगी दोन वर्षांपासून ज्युजुत्सू नावाचा जपानी कुस्तीचा प्रकार शिकते. परगावच्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली आणि घरात वाद पेटला. दाजी म्हणाले, पाठवायची नाही. बहिणीचा फोन आला, "दादा, वहिनीला घेऊन या आणि काय ते समक्ष बोला."

साताऱ्याला एस.टी. बदलून कराडला आलो. सांगलीची गाडी लगेच होती, पण आमच्या मनात गोळेश्वर होते. कराडात कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, त्या प्रीतिसंगमावर मुलांनी पाय भिजवले, सौ.ने बरोबर आणलेल्या भाकऱ्या सोडल्या आणि मग रिक्षाने गोळेश्वर गाठले. गाव कराडला अगदी लागून. दोन्ही बाजूंना ऊस. खाशाबा जाधवांचे घर कुठे, हे कुणालाही विचारावे लागत नाही. घराचे नावच 'ऑलिंपिक निवास'.

वाचकहो, खाशाबा दादासाहेब जाधव म्हणजे स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा मल्ल. जन्म 15 जानेवारी 1926 चा. वडील पैलवान, त्यामुळे तालमीची माती लहानपणापासून अंगाला लागलेली. 1948 साली लंडनला ते सहावे आले. तिथे गादीवरची कुस्ती होती, आणि हा गडी लाल मातीत वाढलेला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे राहते घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. 1952 साली ही रक्कम केवढी होती, ते ज्यांच्या घरी सावकाराचा कागद झाला आहे त्यांना सांगायला नको.

हेलसिंकीत त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. पुढे सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव्ह आणि जपानचा शोहाची इशी यांच्याकडून हार झाली. कांस्यपदक मिळाले. गावाने 151 बैलगाड्यांची मिरवणूक काढली. मग खाशाबांनी कुस्त्या भरवल्या आणि प्राचार्यांचे घर आधी सोडवले. पुढे पोलीस खात्यात नोकरी केली, आणि 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 सालचा, मरणोत्तर. त्यांच्यानंतरचे वैयक्तिक पदक यायला 1996 साल उजाडावे लागले, तेही टेनिसमध्ये. गावात कुस्ती केंद्र होणार हे आश्वासन इतके रेंगाळले की 2017 साली घरच्यांनी पदकच लिलावात काढण्याची भाषा केली. असो.

संध्याकाळी सांगलीत पोहोचलो. चहा होतो न होतो तोच भाचीने पलंगावरची गादी खाली ओढली आणि आमच्या चिरंजीवाला तीवर घेतले. पोरगा तिच्यापेक्षा हातभर उंच. तिने आपणहून पाठ टेकली. आम्ही म्हणालो, "अगं, चितपट झालीस की!" ती हसली. "मामा, कुस्तीत पाठ लागली की संपलं. आमच्यात तिथून सुरू होतं." तिने पायांचा विळखा त्याच्या कमरेला घातला, त्याची बाही धरली, आणि बघता बघता त्याचा हात कोपरात असा अडकला की त्याने गादीवर थापा मारल्या. थाप मारली म्हणजे हार मान्य, आणि त्या क्षणी सोडायचेच, असा नियम. अंगात जाड कापडाचा अंगरखा आणि पट्टा असतो, तो धरूनच डाव टाकायचे. जमिनीवरच्या या प्रकाराला ने-वाझा म्हणतात. ठोसे-लाथांचा प्रकार वेगळा असतो.

दाजी भिंतीला टेकून गप्प बसले होते. ते हमालीचे काम करतात, हळदीची पोती उचलून खांदा धरलेला. म्हणाले, "पोरीच्या जातीला हे कशाला? उद्या हात मोडला तर? आणि साडेचार हजार कुठून आणू?" खरा प्रश्न शेवटचा होता, हे सौ.ने आमच्या आधी ओळखले.

आम्ही त्यांना गोळेश्वरची हकिगत सांगितली. खाशाबांना हरवणारा इशी मूळचा ज्यूदोचा. महायुद्धानंतर जपानात ज्यूदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला. आणि ज्यूदो निघाला तोच ज्युजुत्सूमधून, 1882 साली. म्हणजे पोरीची विद्या आणि कराडची माती सत्तर वर्षांपूर्वीच समोरासमोर आलेली. दाजी पहिल्यांदा नीट बघू लागले. म्हणाले, "आमच्या कवठेपिरानचे मारुती माने जकार्ताला गेले होते." बरोबर. 1962 च्या आशियाई स्पर्धेत मान्यांनी फ्रीस्टाईलचे सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचे रौप्य आणले. पुनवतचे गणपत आंदळकरही त्याच वेळी सुवर्ण घेऊन आले. दोघेही याच सांगली जिल्ह्याचे. भाची लगेच म्हणाली, "बाबा, आमचा खेळ आशियाईत पहिल्यांदा आला तोही जकार्तालाच, 2018 ला." पुढच्या हांगझोऊच्या स्पर्धेत भारताच्या मुलीही उतरल्या, पदक नाही मिळाले.

जेवणे झाली. दाजी बराच वेळ अंगणात विडी ओढत होते. आत येऊन त्यांनी मुलीला विचारले, "त्यो तुझा अंगरखा कितीला येतो?" आम्ही दोन हजार काढून बहिणीच्या हाती दिले. सौ.ने आणखी पाचशे घातले, ते आम्हाला परतीच्या गाडीत कळले. उरलेले दाजी मुकादमाकडून उचल घेणार होते. सकाळी आम्ही निघालो तेव्हा भाची फॉर्म घेऊन त्यांच्या मागे उभी होती आणि ते सही कुठे करायची ते विचारत होते.