डोक्यावर वजन घेतलेला मनोरा

तैपेईत वाट चुकली तरी माणूस हरवत नाही. कुठल्याही गल्लीतून बाहेर पडावं, मान वर करावी, दोन इमारतींच्या मधल्या फटीत हिरवट काचांचा तो मनोरा उभा असतोच. तैपेई १०१. उंची ५०८ मीटर, मजले एकशे एक. ३१ डिसेंबर २००४ रोजी तो खुला झाला आणि जानेवारी २०१० मध्ये दुबईचा बुर्ज खलिफा उघडेपर्यंत जगातली सर्वांत उंच इमारत हीच होती. अर्धा किलोमीटर ओलांडणारी तर ही पहिलीच. सी. वाय. ली या वास्तुशिल्पकाराने ती बांबूवरून रचली आहे. आठ मजल्यांचं एक पेर, अशी आठ पेरं एकावर एक, आणि प्रत्येक पेर वर जाताना किंचित फाकत जाणारं. आठ हा आकडा चिनी लोक शुभ मानतात. रात्री मनोऱ्यावर दिवे लागतात तेही वाराप्रमाणे, सोमवारी तांबडे, मंगळवारी नारिंगी, असे इंद्रधनुष्याच्या क्रमाने.

माझा मुलगा शिंचूला नोकरी करतो. शिंचू हे तिथलं चिप बनवणाऱ्या कारखान्यांचं गाव. "आई, १०१ बघितल्याशिवाय तुला लातूरला परत पाठवणार नाही," असं त्याने आधीच बजावलं होतं. मला उंचीचं आकर्षण तसं कमीच. पण त्या मनोऱ्याच्या पोटात एक लोखंडी गोळा टांगलेला आहे आणि तो लोकांना बघू देतात, असं तो म्हणाला, तेव्हा मात्र मी एका पायावर तयार झाले.

तिकीट पाचव्या मजल्यावर मिळतं आणि तिथूनच वरची लिफ्ट सुटते. दारं मिटली, आतले दिवे मंद झाले आणि छतावर बारीक बारीक तारे चमकायला लागले. दाराशेजारच्या पट्टीवर आकडे पळत होते. पाचव्यावरून एकोणनव्वदाव्या मजल्यावर जायला ३७ सेकंद. वेग मिनिटाला १,०१० मीटर, म्हणजे ताशी साठ किलोमीटर, आणि तोही सरळ वर! लातूर-औसा रस्त्यावर एस.टी. ज्या वेगाने जाते त्या वेगाने मी आभाळाकडे चालले होते आणि पायाखालची फरशी हललेली कळत नव्हती. कानांना दडे बसू नयेत म्हणून लिफ्टच्या आतला हवेचा दाब यंत्राने सांभाळत नेतात. तरी एकदा आवंढा गिळावा लागला, तोवर दार उघडलंसुद्धा.

काचेपाशी गेले आणि सबंध तैपेई पायाशी पसरली. हे शहर डोंगरांच्या परातीत वसलंय, हे खाली फिरताना लक्षात येत नाही. वरून चारी बाजूंना हिरव्या रांगा दिसतात. उत्तरेला यांगमिंगशानचे जुने ज्वालामुखी, पश्चिमेकडे ताम्सुई नदीचा चकाकता पट्टा, आणि अगदी जवळ शियांगशान, म्हणजे हत्तीचा डोंगर, ज्याच्या पायऱ्या चढून लोक या मनोऱ्याचे फोटो काढतात. शहराच्या मधोमध सोंगशान विमानतळाची धावपट्टी. तिच्यावर उतरणारं विमान मी वरून पाहिलं! आकाशातून उतरणाऱ्या विमानाच्या पाठीकडे जमिनीला जोडलेल्या घरातून बघायला मिळावं, ही गोष्ट मला कितीतरी वेळ पटेना. डॉ. सुन यत्-सेन स्मारकाचं पिवळं छप्पर तळहाताने झाकता येईल एवढं दिसत होतं. मुलाने ओढून नेलं नसतं तर मी तिथेच उभी राहिले असते.

गोळा आतल्या बाजूला आहे. एक जिना उतरलं की तो समोर येतो, आणि पहिल्या नजरेत आपल्याला तो मावतच नाही. सोनेरी रंगाचा, साडेपाच मीटर व्यासाचा, म्हणजे जवळजवळ दोन मजल्यांएवढा. जवळून पाहिलं की तो गुळगुळीत नाही हे कळतं. पोलादाच्या ४१ थाळ्या एकावर एक ठेवून जोडल्या आहेत, प्रत्येक साडेबारा सेंटिमीटर जाड. वरच्या आणि खालच्या थाळ्या लहान, मधल्या मोठ्या, म्हणून कडेला पायऱ्या पायऱ्या दिसतात. वजन ६६० टन. एवढं धूड कुठलीही क्रेन अख्खं वर नेऊ शकत नव्हती, म्हणून थाळ्या वर नेऊन तिथेच जोडल्या. ब्याण्णवाव्या मजल्यावरून मनगटापेक्षा जाड पोलादी दोर खाली आलेत आणि त्यांनी गोळ्याला पोटाखालून झोळीत धरलंय. खालून तिरपे दट्ट्ये त्याला टेकलेत, तेलाने भरलेले, एकेक माणसाहून मोठा. कठड्याला टेकून मी त्या दोरांचे पीळ बघत राहिले. कुठे गंज नाही, कुठे धूळ नाही.

हा गोळा करतो काय? उंच इमारतीला वारा समोरून ढकलतो त्यापेक्षा बाजूने जास्त छळतो. वारा दोन्ही कडांवरून पुढे गेला की पाठीमागे भोवरे सुटतात, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि इमारत आडवी डुलायला लागते. या मनोऱ्याला एक हेलकावा पुरा करायला सुमारे सात सेकंद लागतात. भोवऱ्यांचा ठेका त्या सात सेकंदांशी जुळला तर डुलणं वाढत जातं. झोपाळ्यावरच्या मुलाला आपण नेमक्या वेळी ढकलतो तेव्हा तो उंच जातो. तोच झोपाळा समोरून येत असताना कुणी हात आडवा धरला तर मंदावतो. गोळ्याची टांगणी अशी मोजून केली आहे की त्याचा ठेका मनोऱ्याच्या ठेक्याशी जुळतो. मनोरा एकीकडे कलला की जडपणामुळे गोळा मागे राहतो आणि उलट ओढतो. मधले दट्ट्ये ती ओढाताण तेलात जिरवतात, तिची ऊब होऊन जाते. अशा रीतीने वरच्या मजल्यांचं हलणं ४० टक्क्यांपर्यंत कमी होतं. यात वीज नाही, संगणक नाही. वजन आहे, दोर आहे आणि तेल आहे.

इमारतीचे कोपरेही याच कामाला लावलेत. पहिल्या आराखड्यात ते सरळ होते. वाऱ्याच्या बोगद्यात प्रतिकृती तपासल्यावर कोपऱ्यांना करवतीसारखे खाचे दिले, आणि तेवढ्यानेच पायावर येणारा वाऱ्याचा ताण पाव हिश्शाने उतरला. खाली आल्यावर मी मुद्दाम जाऊन ते कोपरे पाहिले. आधी ती मला नक्षी वाटली असती.

८ ऑगस्ट २०१५ ला सौदेलोर नावाचं वादळ तैवानवर आलं, त्या दिवशी हा गोळा मध्यापासून पूर्ण एक मीटर हलला. त्याचं चलत्चित्र तिथे पाहायला मिळतं. ६६० टनांचा तो सोनेरी डोंगर अगदी सावकाश इकडून तिकडे जातो आणि परत येतो. खरं म्हणजे आपली नजर फसते. मनोरा डुलतोय आणि गोळा जागच्या जागी राहायला बघतोय. एरवी अशी यंत्रं बंद खोलीत ठेवतात, कारण आपली इमारत हलते हे भाडेकरूंना कोण सांगेल? इथे त्यांनी त्याच्याभोवती सज्जा बांधला, त्याला झळाळता रंग दिला, त्याची गोजिरवाणी बाहुली काढली आणि लोकांना म्हटलं, या, बघा. मला या लोकांचं इथे फार कौतुक वाटलं.

आणि त्याच सज्ज्यात मला आमच्या लातूरकडच्या किल्लारीचा भूकंप आठवला. आठवणं भागच होतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावंच्या गावं दमून झोपलेली. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. दोन-अडीच फूट जाड दगडी भिंती, आतून-बाहेरून चांगले दगड आणि मधे गोटे नि चिखल. वर लाकडी खण, त्यावर मातीचा जाडजूड थर. माळवद गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी पांढरी माती चढायची, वर्षानुवर्षं. उन्हाळ्यात ती घरं थंडगार असत. जमीन काही सेकंद हलली, भिंतींच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटल्या आणि डोक्यावरचं सगळं वजन खाली आलं. हजारो माणसं त्या मातीखाली गेली. त्यानंतर आम्ही कित्येक महिने अंगणात झोपलो. वर छप्पर नको, असं म्हणणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत.

म्हणजे डोक्यावर वजन आमच्याही होतं. आमचं वजन कुणी मोजलं नव्हतं, कशाला बांधलं नव्हतं. ते नुसतं साठत गेलं होतं. इथे मात्र ६६० टन मुद्दाम, हौसेने चारशे मीटरच्या आसपास चढवलेत, एकेका थाळीचा हिशोब करून टांगलेत, आणि त्या वजनानेच खालच्या माणसांना स्वस्थ ठेवलंय. आमच्या भागात घर जड म्हणजे घर मजबूत असं मानलं जाई. मजबुती वजनात नसते, जोडणीत असते, हे तिथे उभं राहून मला जितकं लख्ख दिसलं तितकं भूकंपानंतरच्या कुठल्याही पुस्तिकेतून दिसलं नव्हतं.

हा गोळा भूकंपासाठी आहे असं पुष्कळ लोक समजतात. त्याचं मुख्य काम वाऱ्याचं. भूकंपाचा भार सांगाड्यावर आहे. प्रत्येक बाजूला दोन, असे आठ अजस्र खांब, पोलादी पेट्यांचे आणि बासष्टाव्या मजल्यापर्यंत आत काँक्रीट भरलेले. ठराविक मजल्यांवर ते मधल्या गाभ्याशी कैच्यांनी बांधलेले. तुळयांना काही ठिकाणी मुद्दाम खाचा दिल्या आहेत, म्हणजे वाकायचंच झालं तर त्या तिथे वाकाव्यात, सांध्यात तुटू नयेत. खाली ३८० खांब ८० मीटर खोल गेलेत आणि खडकात रुतलेत.

तैवानला हे शिकायला फार मोल द्यावं लागलं. या मनोऱ्याच्या कामाची सुरुवात झाली त्याच वर्षी, २१ सप्टेंबर १९९९ ला, रात्री पावणेदोनला, नान्तोऊ भागात मोठा भूकंप झाला. तोही सप्टेंबर, तेही लोक झोपेत. दोन हजार चारशेच्या वर माणसं गेली. केंद्रापासून इतक्या दूर असलेल्या तैपेईतही एक बारा मजली इमारत कोसळली. तिथे त्या भूकंपाला सगळे नऊ-दोन-एक एवढंच म्हणतात, आणि दर २१ सप्टेंबरला देशभर शाळांतून, कचेऱ्यांतून बचावाचा सराव होतो. पुढे ३१ मार्च २००२ रोजी मनोरा अर्धा उभा असताना पुन्हा जमीन हलली. छप्पन्नाव्या मजल्यावरच्या दोन क्रेन खाली पडल्या, पाच माणसं मेली. सांगाडा तपासला, तो शाबूत होता, काम पुढे सुरू झालं. वर चढणाऱ्या प्रत्येकाने त्या पाच जणांची आठवण ठेवावी असं मला वाटतं.

एक्क्याण्णवाव्या मजल्यावर उघडा सज्जा आहे. हवा बरी असली तरच तो उघडतात, आणि आमचं नशीब चांगलं होतं. दार लोटलं आणि वाऱ्याने माझा पदर खांद्यावरून उचलला. आत काचेमागून शहर कसं मुकं वाटलं होतं! इथे त्याचा आवाज होता, खूप खालून येणारी एक सलग घरघर. डोंगरावरून ढगाचा एक तुकडा आला, आमच्या अंगावरून ओला होऊन गेला, आणि काही क्षण खालचं सगळं पुसलं गेलं. शेजारी एक तैवानी आजी नातवाला कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्या पोराने ढग पकडायला मूठ उघडली, मिटली, आणि रिकामी मूठ आजीला दाखवली. आजी हसल्या, माझ्याकडे बघून हसल्या, मीही हसले. आमच्याकडे बोलायला समान भाषा एक शब्दभरही नव्हती.

उतरताना पोवळ्याच्या आणि जेडच्या कोरीव वस्तूंच्या दालनातून जावं लागतं. सुंदर होत्या, महागही होत्या. मी भराभर पुढे झाले, कारण मला एक गोष्ट विचारायची होती आणि ती गर्दीत विचारवत नव्हती.

खाली चौकात बाकावर बसल्यावर विचारलं. ३ एप्रिल २०२४ ला सकाळी आठच्या सुमारास हुआलिएनजवळ मोठा भूकंप झाला होता. तोवरच्या पंचवीस वर्षांतला तिथला सर्वांत मोठा. आम्ही लातुरात टीव्हीसमोर, फोन लागत नव्हता. नंतर लागला तेव्हा "मी ठीक आहे" एवढंच तो बोलला होता.

"तेव्हा तू नेमका कुठे होतास?"

"घरीच, बाराव्या मजल्यावर. आधी फोन किंचाळला, सरकारचा इशारा येतो ना, तो. मग भिंती करकरायला लागल्या. मी टेबलाखाली गेलो. दिवा खूप वेळ हलत होता."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. मला किल्लारी आठवत नाही, पण तू आणि बाबा इतकं बोलला आहात तिच्याबद्दल." तो थोडा थांबला. "मग शेजारच्या काकूंनी दार वाजवलं, सगळे बरे आहात ना विचारायला. गॅस तपासला, चहा केला. दहा वाजता ऑफिसला गेलो. सगळेच आले होते."

"आणि हा गोळा?"

"हाही हलला त्या दिवशी," तो म्हणाला. "चल आता, भूक लागलीये. मेट्रोच्या पलीकडे शाकाहारी जेवण चांगलं मिळतं."