किती टक्के ब्लॉकेज?

प्रिय सखे,

भाच्याची तब्येत विचारलीस, म्हणून सविस्तर लिहिते. ताप येऊन गेला आणि आठवड्याभरात पोराच्या छातीत दुखायला लागलं. रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा, म्हणून तातडीने अँजिओग्राफी. तर रक्तवाहिन्या एकदम स्वच्छ! लालबागच्या आमच्या चाळीत जो तो एकच विचारी, “किती टक्के ब्लॉकेज?” शून्य म्हटलं की मंडळी निवांत चहा मागायची. हृदयविकार म्हणजे ब्लॉकेज, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय ना! दुखणं मात्र होतं तिथेच.

डॉक्टर म्हणाले, “नळ्या बघून झाल्या, आता स्नायू बघू.” म्हणून परळला कार्डियाक एमआरआय.

आधी ताईत, चांदीचा करगोटा, घड्याळ सगळं उतरवलं. एमआरआयच्या यंत्रातलं चुंबक आत पेशंट नसला तरी चालूच असतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात पेशंटचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला आणि यंत्राकडे खेचला जाऊन जिवाला मुकला, आठवतंय? त्यामुळे दारावरचे मामा माझ्या पर्सवरून खेकसले, तरी मी गप्प.

तासभर लागला. हृदय काही फोटोसाठी थांबत नाही, म्हणून छातीवर ईसीजीच्या पट्ट्या लावून ठोक्यांशी मेळ घालत चित्रं काढतात. शिवाय दर थोड्या वेळाने हुकूम, “श्वास घ्या, सोडा, थांबा!” दहा-पंधरा सेकंद दम धरायचा. भलेभले इथे थकतात. आमचा पडला कबड्डीवाला, तीस सेकंदांच्या चढाया मारणारा. टेक्निशियन बेहद्द खूश.

मग शिरेतून गॅडोलिनियम. (मूत्रपिंडं धड आहेत ना, ते आधी बघून घेतात.) धडधाकट स्नायूतून ते दहाएक मिनिटांत बरंचसं निघून जातं, सूज किंवा व्रण असेल तिथे रेंगाळतं आणि चित्रात पांढरं उमटतं. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. डावा कप्पा आडवा कापल्यासारखा, एक काळं कडं, आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला पांढुरका पट्टा. खरी मेख पट्ट्याच्या जागेत. हार्ट अटॅकचा डाग आतल्या थरापासून सुरू होतो, कारण रक्त तुटलं की पहिला मरतो तोच. याचा डाग बाहेरून, म्हणजे मायोकार्डायटिस: विषाणूच्या तापानंतर स्नायूला आलेली सूज. इकोत हा पट्टा दिसत नाही. पूर्वी खात्री करायची तर हृदयाचा बारीकसा तुकडाच काढावा लागे.

औषधं चालू आहेत. तीन ते सहा महिने कबड्डी बंद, म्हणून स्वारी रुसलीय. मंडळातली पोरं आली, “ब्लॉकेज नाही ना मावशी, मग खेळू दे की!” सूज असताना जोर केला तर ठोके बिघडून जिवावर बेतू शकतं, हे समजावता समजावता माझा घसा बसला.

आणि हो, काकांना एमआरआय सांगितलाय म्हणालीस. त्यांच्या पेसमेकरचं कार्ड शोधून ठेव. नवे बरेचसे चालतात, पण मॉडेल बघून, आधी सेटिंग बदलून. कार्ड बहुतेक काकूंच्या कपाटात, पासबुकांच्या पिशवीत असेल.

तुझी,
लालबागकरीण