आप्पांची बरणी

आप्पा नात्याने माझे कुणीच नव्हते. कल्याणजवळ मोहने गावातल्या चाळीत शेजारी राहायचे, एका प्रयोगशाळेत मदतनीस होते. कॉलेजची पहिली फी त्यांनी भरली. पैसे परत द्यायला गेले तर घेईनात. पण त्यांच्या देण्याची खरी मोजदाद पैशांत होत नाही.

आंबिवलीजवळ काळू नदीत पारा असल्याचं मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या प्रा. बी. सी. हलदरांच्या अभ्यासातून पुढे आलं होतं. काठच्या कारखान्यातल्या कॉस्टिक सोडा करायच्या जुन्या पद्धतीत पारा लागे आणि त्यातला काही सांडपाण्यातून बाहेर पडे. "एवढं ऊन पडतं नदीवर, जळून जात असेल सगळं," आई म्हणायची. आप्पा वाद घालत बसले नाहीत. नदीच्या पाण्याची बरणी आणून कठड्यावर ठेवली. दुपारपर्यंत वरचं पाणी निवळलं, तळाशी बोटभर काळा गाळ बसला. "आता सांग, ऊन कुठवर पोचलं?"

त्या प्रश्नापायी मी रसायनशास्त्राला गेले. हवा न पोचणाऱ्या गाळात जिवाणू पाऱ्याचा मिथाइल पारा करतात. जपानमधल्या मिनामाताच्या लोकांना मासे खाऊन बाधला तो हाच. पुढे १९९६ साली कॅनडातल्या सरोवरांवरचा शोधनिबंध वाचला: वरच्या नितळ पाण्यात ऊन मिथाइल पारा तोडतं. आईचंही थोडं खरं होतं तर! फक्त पारा त्याने संपत नाही. त्यातला काही वाफ होऊन हवेत जातो आणि दुसरीकडे उतरतो.

आणि ऊन विष उतरवतं तसं चढवतंही. डांबरात, जळक्या तेलात अँथ्रासीन असतं. ते मिसळलेल्या पाण्यात अंधारात तगलेले मासे उन्हात आणल्यावर मेल्याचं प्रयोगांत दिसलं. माशाच्या अंगात मुरलेलं अँथ्रासीन ऊन शोषतं आणि त्याच्या पेशी जाळतं. म्हणून 'उन्हाने पाणी शुद्ध होतं' असं कुणी सरसकट म्हटलं की मला राहवत नाही. कोणतं विष, किती खोल, पाणी किती गढूळ, हे आधी विचारायला हवं.

हल्ली मोहन्याच्या बंधाऱ्याशी उल्हास नदीवर जलपर्णी माजते. खाली ऊन जातच नाही. ती काढायलाच हवी; पण उपसून काठावर कुजत टाकली तर तिने शोषलेलं पावसात पुन्हा नदीतच जाणार. जलपर्णी काढणाऱ्या पोरांना मी हे दरवेळी सांगते, आप्पा सांगायचे तसं, पाण्याची बरणी समोर ठेवून.